‘एम.’ म्हणजे कोण? अमेरिकेतल्या दुकानदारणींची जुनी टोकनं जमवताना

किराणावाल्याकडे पाच रुपये सुट्टे नसले की तो हातावर दोन चॉकलेटं ठेवतो, आणि आपण कुरकुरत का होईना ती घेतो. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. १८६१ च्या डिसेंबरअखेरीस बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. लोकांनी आधी सोनं दडवलं, मग चांदी, आणि १८६२ च्या उन्हाळ्यापर्यंत एक सेंटचं तांबं-निकेलचं नाणंसुद्धा गल्ल्यातून गायब झालं. पावाचा, बिअरच्या ग्लासचा, दाढीचा हिशेब करायचा कशाने? टपालाची तिकिटं पैसे म्हणून फिरू लागली. ती बोटांना चिकटायची, फाटायची. मग जॉन गॉल्ट नावाच्या माणसाने पितळी चकतीत, अभ्रकाच्या झाकणाखाली तिकीट बसवून विकायला काढलं. ते महाग पडे. शेवटी शेकडो छोट्या दुकानदारांनी ठसे कोरणाऱ्या कारागिरांना गाठून स्वतःच्या नावाची तांब्याची टोकनं पाडून घेतली.

त्या दुकानदारांमध्ये काही बायका होत्या. टोप्या शिवणाऱ्या, खाणावळ चालवणाऱ्या, नवऱ्यामागे बेकरी सांभाळणाऱ्या. त्यांची टोकनं शोधणं हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना वाट सोपी व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच माझी फजिती सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून शिकलेलं आहे. इथे ओहायोत आल्यावर एका नाण्यांच्या मेळ्यात मी पहिलं टोकन घेतलं. पाकिटावर विक्रेत्याने पेन्सिलीने ‘बाईचं दुकान’ असं लिहिलं होतं आणि किंमत शेजारच्या तशाच टोकनाच्या चौपट होती. टोकनावर नाव होतं फ्रान्सिस अमुक-तमुक. मी हरखून गेले. महिन्याभराने १८६० च्या जनगणनेत तो दुकानदार सापडला: वय ४४, लिंगाच्या रकान्यात पुरुष, घरात त्याच आडनावाची एक बाई आणि पाच मुलं. इंग्रजीत हे नाव शेवटी ‘आयएस’ने लिहिलं तर पुरुषाचं आणि ‘ईएस’ने लिहिलं तर बाईचं, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. विक्रेत्यालाही नसावी, किंवा असावी.

पहिली पायरी: काळ ठरवा

एकोणिसावं शतक म्हणजे शंभर वर्षं. सगळं गोळा करू म्हणाल तर कपाट भरेल, हाती काही लागणार नाही. ढोबळमानाने तीन कप्पे आहेत.

पहिला कप्पा १८३० च्या दशकाचा आणि १८४० च्या सुरुवातीचा. याला ‘हार्ड टाइम्स’ टोकनं म्हणतात, म्हणजे मंदीच्या दिवसांतली. आकाराने ती त्या वेळच्या मोठ्या सेंटएवढी, साधारण २८ मिलिमीटर. यात बाईच्या नावाचं दुकान मिळण्याची आशा फार धरू नका. पण या कप्प्यातलं एक टोकन संग्रहाच्या पहिल्या पानावर असावं असं मला वाटतं. १८३८ सालचं, न्यू जर्सीतल्या बेलव्हिल इथे पाडलेलं, साखळदंडातली गुडघे टेकलेली कृष्णवर्णीय स्त्री आणि भोवती इंग्रजीत शब्द: ‘मी स्त्री नाही का, बहीण नाही का?’ गुलामगिरीविरोधी चळवळीचं हे टोकन. ते कुठल्या दुकानदारणीचं नव्हे, हे पाकिटावर स्पष्ट लिहा. पण त्या काळी तांब्यावर बाई कोणत्या रूपात येत होती हे त्यावरून कळतं.

दुसरा कप्पा यादवी युद्धाचा. टोकनं १९ मिलिमीटरची, म्हणजे तेव्हाच्या छोट्या सेंटच्या मापाची, आणि बहुतेकांवर साल १८६३. यातले दोन प्रकार पहिल्या दिवशीच पाठ करा. ज्यावर दुकानाचं नाव-गाव असतं ते ‘स्टोअर कार्ड’. ज्यावर फक्त झेंडा, ढाल, तोफ, देशप्रेमाच्या घोषणा असतात ते ‘पेट्रिऑटिक’. आपल्याला हवीत स्टोअर कार्डं. सगळ्यात जास्त स्टोअर कार्डं ओहायोतून निघाली, त्यातही सिनसिनाटी शहरातून. मग न्यूयॉर्क, मिशिगन, इंडियाना, इलिनॉय, विस्कॉन्सिन अशी राज्यं येतात. बायकांची नावं यात मोजकी आहेत, आणि मोजकी असल्यानेच महाग.

तिसरा कप्पा १८८० ते १९०० चा, आणि नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. ‘पाच सेंटच्या मालासाठी चालेल’, ‘एक पाव’, ‘एक क्वार्ट दूध’ अशी टोकनं. पितळेची, पुढे ॲल्युमिनियमची; गोल, अष्टकोनी, कडेला पाकळ्या असलेली. दूधवालीने महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि बदल्यात टोकनांची पिशवी द्यायची. गिऱ्हाइकाने रोज रात्री रिकाम्या बाटलीत एक टोकन टाकून ठेवायचं. आपल्याकडच्या दुधाच्या कुपनांची थोरली बहीणच. या काळात बायकांची दुकानं पुष्कळ वाढली होती. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि तिथल्या बायका काय काय कामधंदे करतात याबद्दल त्यांनी परत आल्यावर मराठीत लिहिलं. त्या जिथे हिंडल्या त्या गावांच्या बेकऱ्यांमधली टोकनं आज चार-पाच डॉलरला मिळू शकतात, ही कल्पना मला अजून गंमतीची वाटते.

दुसरी पायरी: टोकन वाचायला शिका

लागणारी अवजारं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरचा कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. एवढ्यात काम भागतं.

समजा १८६३ चं एक स्टोअर कार्ड हातात आलं. पुढच्या बाजूला कडेने नाव, मध्ये धंदा, खाली गाव. मागच्या बाजूला पिसांचा मुकुट घातलेलं डोकं आणि भोवती तारे. ही मागची बाजू त्या दुकानाची नसते. ठसे कोरणाऱ्याकडे मागच्या बाजूचे तयार ठसे असत. गिऱ्हाइकासाठी तो फक्त पुढचा नवा कोरायचा. त्यामुळे एकच डोकं सिनसिनाटीच्या खाटकाच्या टोकनावर दिसतं आणि इंडियानातल्या औषधवाल्याच्याही. याचा फायदा असा की मागच्या ठशावरून कारागीर ओळखता येतो. सिनसिनाटीचे जॉन स्टँटन, विल्यम लॅनफिअर, मर्डॉक अँड स्पेन्सर, शिकागोचे चाइल्ड्स, मिलवॉकीचे मॉसिन अँड मार, कनेटिकटमधल्या वॉटरबरीचा स्कोव्हिल कारखाना. इंडियानातल्या मिशावाका गावचा हेन्री हिगिन्स मुळात वायुभारमापक बनवायचा, आणि टोकनंही पाडायचा. त्याची अक्षरं वाकडीतिकडी असतात. मला ती फार आवडतात.

मागच्या बाजूवर मुकुटधारी बाईचं डोकं दिसलं म्हणून दुकान बाईचं ठरत नाही. ती लिबर्टी, स्वातंत्र्यदेवता. हे सांगावं लागू नये, पण विक्रीच्या जाहिराती वाचल्यात तर कळेल की सांगावं लागतं.

कारागिरांना स्पेलिंगची फारशी पर्वा नव्हती, हेही लक्षात असू द्या. नावात एखादं अक्षर कमी-जास्त असलं तर नोंदी शोधताना दोन्ही प्रकारे शोधायचं.

आता क्रमांकाची पद्धत. यादवी युद्धाच्या टोकनांची सूची जॉर्ज आणि मेल्विन फुल्ड या मुलगा-बापाने केली आणि ‘फुल्ड क्रमांक’ हीच आज बाजाराची भाषा आहे. आधी राज्याची दोन अक्षरं, मग शहराचा आकडा: ओहायोचं सिनसिनाटी म्हणजे ओएच १६५, न्यूयॉर्क शहर एनवाय ६३०, मिशिगनमधलं डेट्रॉइट एमआय २२५. त्यापुढे दुकानदाराची अक्षरं, मग ठशांच्या जोडीचा आकडा, आणि शेवटी धातूचं अक्षर. ‘ए’ म्हणजे तांबं, ‘बी’ म्हणजे पितळ. दुर्मीळपणा आर-१ ते आर-१० असा मोजतात. आर-१ म्हणजे ५,००० पेक्षा जास्त नग शिल्लक, आर-५ म्हणजे ७६ ते २००, आर-९ म्हणजे दोन ते चार, आर-१० म्हणजे जगात एकच. पण आर-९ ऐकून लगेच पाकिटात हात घालू नका. त्या काळीच कारागीर हौशी संग्राहकांसाठी मुद्दाम चांदीत, पांढऱ्या धातूत, विचित्र जोड्या करून चार-दोन नग पाडत. असं टोकन दुकानाच्या गल्ल्यात कधी पडलेलंच नसतं. मला स्वतःला झिजलेलं, हाताळलेलं साधं तांब्याचं जास्त प्रिय आहे, कारण ते खरोखर पावासाठी दिलं-घेतलं गेलं.

तिसऱ्या कप्प्यातल्या टोकनांवर साल क्वचित असतं. तिथे धातू आणि शब्द साक्ष देतात. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची पद्धत १८८६ सालची, म्हणून ॲल्युमिनियमचं टोकन जवळजवळ नेहमी १८९० नंतरचं. गावापुढे ‘मॉन्टाना टेरिटरी’ असेल तर १८८९ च्या आधीचं, कारण त्या वर्षी मॉन्टाना राज्य झालं. ‘ओक्लाहोमा टेरिटरी’ असेल तर १८९० ते १९०७ मधलं. ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर या बिलियर्डच्या टेबलांच्या कंपनीचं नाव असेल तर १८८४ नंतरचं. त्याच वर्षी ती कंपनी त्या नावाने उभी राहिली.

तिसरी पायरी: बाई खरंच आहे का, ते तपासा

सगळा जीव इथे आहे. वेळही इथेच जातो, आणि जाऊ द्यावा.

टोकनावर ‘मिसेस’, ‘मिस’, ‘मॅडम’ किंवा ‘सिस्टर्स’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर अर्धं काम झालं. पण बऱ्याच बायका नावाआधी नुसतं अक्षर लावायच्या. ‘एम.’, मग आडनाव, मग ‘मिलिनरी’. एम म्हणजे मेरी, मार्गारेट, मार्था, की मायकेल? मिलिनरी म्हणजे बायकांच्या टोप्या बनवायचा धंदा. तो त्या काळी बायकांच्या हातातला सगळ्यात प्रतिष्ठेचा धंदा होता, म्हणून शंका बाईकडे झुकते. तरी शंका ती शंकाच. टोप्यांची दुकानं पुरुषही चालवत.

उलटही होतं. टोकनावर पुरुषाचं पूर्ण नाव असतं, पण तो माणूस दोन वर्षांपूर्वी वारलेला असतो आणि पाटी न बदलता दुकान चालवणारी त्याची विधवा असते. अशा बायका सूचीत कुठेच सापडत नाहीत. त्या शोधून काढल्या तर तो तुमचा स्वतःचा शोध. इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या टोकनांवर निदान सोय होती: वर आडनावाचं अक्षर, खाली एका बाजूला नवऱ्याचं आणि दुसऱ्या बाजूला बायकोचं. अमेरिकन कारागिरांनी ती चाल उचलली असती तर माझे कित्येक रविवार वाचले असते.

शोधायचा क्रम मी असा ठेवते.

सगळ्यात आधी शहराची डिरेक्टरी, म्हणजे रहिवाशांची नावं, धंदे आणि पत्ते यांची छापील यादी. मोठ्या शहरांत या दरवर्षी निघत. अनेक हाथीट्रस्टच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. टोकनाच्या सालाच्या दोन वर्षं आधीच्या आणि दोन वर्षं नंतरच्या अशा सगळ्या चाळायच्या. विवाहित बाईचं नाव डिरेक्टरीत सहसा नसायचंच. ती विधवा असेल किंवा स्वतःचा धंदा करत असेल तरच यायचं. विधवेपुढे ‘विधवा अमुकची’ असं संक्षेपाने छापलेलं असतं. शेवटच्या पानांत धंद्यांप्रमाणे यादी असते, ती विसरू नका. एका वर्षी नवऱ्याचं नाव, पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर ‘मिसेस’ दिसलं, की बाकीची गोष्ट तुम्हाला आपोआप समजते. जर्मन वस्तीच्या शहरांत, म्हणजे सिनसिनाटी, मिलवॉकी वगैरे ठिकाणी, जर्मन वर्तमानपत्रंही बघा; विधवेला तिथे ‘विट्वे’ म्हणतात.

मग जनगणना. १८५० च्या जनगणनेत धंद्याचा रकाना फक्त पंधरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी होता. १८६० साली तो बाया-पुरुष दोघांसाठी झाला, हे आपलं नशीब. तरी अनेक गणकांनी बायकांपुढची जागा रिकामीच ठेवली, तेव्हा रकाना रिकामा दिसला म्हणजे बाई घरी बसली होती असं समजू नका. १८६० च्या नोंदीत घरातलं नातं आणि विधवा-विवाहित हे लिहिलेलं नाही. ते १८८० पासून सुरू झालं. आणि १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली, १९२१ च्या आगीमुळे. तिसऱ्या कप्प्यातली टोकनं जमवणाऱ्याला ही पोकळी सतत टोचते. १८८० ला अकरा वर्षांची असलेली मुलगी १९०० ला थेट बेकरीची मालकीण म्हणून समोर येते.

तिसरं साधन थोडं अनपेक्षित आहे: कर. युद्धाचा खर्च भागवायला १८६२ साली केंद्र सरकारने धंद्यांवर परवाना-कर बसवला आणि त्याच्या वार्षिक आणि महिनावार याद्या राहिल्या. कर घेताना सरकारने बाई-पुरुष असा भेद केला नाही. खानावळवाली असो की टोपीवाली, नाव, धंदा आणि रक्कम यादीत सापडते. वंशावळी शोधणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर या याद्या आहेत.

चौथं साधन म्हणजे उधार देण्यासाठी दुकानदाराची पत सांगणारे अहवाल. लुईस टॅपन नावाच्या व्यापाऱ्याने १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये एक संस्था काढली. गावोगावच्या वार्ताहरांकडून दुकानदारांची पत विचारून ती वहीत उतरवायची. पुढे ती आर. जी. डन या नावाने ओळखली गेली. तिच्या अडीच हजारांहून जास्त वह्या हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. दुकानदारणींबद्दल त्यात मालमत्ता, वागणूक, नवरा दारू पितो का, असं सगळं येतं. हाच टॅपन गुलामगिरीविरोधी चळवळीतला मोठा कार्यकर्ता होता. पहिल्या कप्प्यातलं ते १८३८ चं टोकन आणि ही वही अशी एकाच गोतावळ्यातली निघते, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

आणि कायदा. हे नीरस वाटेल, पण टोकनावर बाईचं नाव का आहे किंवा का नाही, याचं उत्तर बहुतेकदा कायद्यात असतं. जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र मालमत्ताच नसे. तिची कमाई नवऱ्याची. मिसिसिपीने १८३९ साली आणि न्यूयॉर्कने १८४८ साली यात बदल सुरू केले. न्यूयॉर्कच्या १८६० च्या कायद्याने विवाहित बाईला स्वतःच्या नावाने धंदा करण्याचा आणि कमाई स्वतःकडे ठेवण्याचा हक्क दिला. म्हणजे १८६३ च्या न्यूयॉर्क टोकनावरची ‘मिसेस’ ही तीन वर्षं जुन्या हक्काची मालकीण असू शकते. कॅलिफोर्नियात १८५२ पासून बायकांना ‘एकल व्यापारी’ म्हणून जाहीर नोंद करता येई आणि त्या नोटिसा जुन्या वर्तमानपत्रांत सापडतात. मात्र कॅलिफोर्नियात युद्धकाळातही सोन्याची नाणी फिरत राहिली, त्यामुळे तिथे त्या काळची टोकनं शोधू नका, नंतरची शोधा.

दोन वेगवेगळ्या कागदांवर तीच बाई, त्याच गावात, त्याच धंद्यात सापडली तरच मी पाकिटावर ‘सिद्ध’ असं लिहिते. एकाच कागदावर सापडली तर ‘बहुधा’.

ज्या टोकनांवर गावाचं नाव नसतं त्यांना इथले लोक ‘मॅव्हरिक’ म्हणतात. टेक्सासच्या सॅम्युअल मॅव्हरिकने आपल्या गुरांना डाग दिला नाही, म्हणून बिनडागाच्या गुरांना ते नाव पडलं आणि तिथून ते टोकनांवर आलं. मॅव्हरिक डबाभर मिळतात, डॉलर-दोन डॉलरला एक. हौस असेल तर त्यातून ‘मिसेस’ निवडा आणि डिरेक्टऱ्या घेऊन बसा. गाव सापडलं की किंमतही वाढते, पण त्या क्षणी किंमत डोक्यात नसते.

चौथी पायरी: खोटी कशी ओळखायची

पश्चिमेकडच्या कुंटणखान्यांची म्हणून विकली जाणारी पितळी टोकनं तुम्हाला लवकरच दिसतील. मोठी, जाड, वर कुठल्याशा ‘मॅडम’चं नाव, खाणगावाचं नाव आणि चावट मजकूर. ही जवळजवळ सगळी विसाव्या शतकात पर्यटकांसाठी बनवलेली आहेत. मजकूर जितका विनोदी, तितकं टोकन नवं, हा माझा नियम. खरी टोकनं कंटाळवाणी असतात: नाव, आणि ‘पाच सेंटच्या मालासाठी चालेल’. खरोखर अशा घराचा शोध घ्यायचा असेल तर सॅनबॉर्न कंपनीचे विम्याचे नकाशे बघा. आग लागण्याचा धोका मोजण्यासाठी त्यांनी १८६७ पासून गावागावांतली प्रत्येक इमारत काढली. अशा घरांवर त्यांनी सभ्यपणे ‘बायकांची वसतिगृहं’ असं लिहून ठेवलं आहे. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या (लायब्ररी ऑफ काँग्रेस) संकेतस्थळावर हे नकाशे आहेत.

स्टोअर कार्डांच्या बाबतीत वजन, जाडी, कड आणि अक्षरांची धार बघा. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, आणि कडेवर जोडाची बारीक रेघ असते.

पाचवी पायरी: खरेदी

आधी पुस्तकं आणि सभासदत्व, मग टोकनं. ‘सिव्हिल वॉर टोकन सोसायटी’ १९६७ ची, ‘टोकन अँड मेडल सोसायटी’ १९६० ची. दोन्हींची नियतकालिकं वाचनीय आहेत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल’ या नाणेसंग्रहाच्या संकेतस्थळावर जुने अंक आणि लिलावांच्या याद्या फुकट आहेत, सहा महिने फक्त त्या वाचल्यात तरी पहिल्या खरेदीत पैसे वाचतील.

युद्धकाळातलं साधं टोकन वीस-तीस डॉलरच्या आसपास मिळतं. तेच बाईच्या नावाचं असेल तर भाव चढतो, आणि म्हणूनच पाकिटावर ‘बाईचं दुकान’ लिहायचा मोह विक्रेत्यांना होतो. विनम्रपणे विचारा: ‘हे कशावरून?’ चांगला विक्रेता डिरेक्टरीचं साल सांगेल. बाकीचे खांदे उडवतील. लिलावात बोलीवर खरेदीदाराची दलाली वर पडते, ती आधी वाचा, मगच आपला कमाल आकडा कागदावर लिहा.

भारतात बसून जमवणाऱ्यांसाठी: पार्सलवर सीमाशुल्क आणि जीएसटी लागू शकतो, तेव्हा चार टोकनं एकदम मागवण्याआधी हिशेब करा. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी ‘पुरावस्तू’त मोडतात, त्यांची निर्यात सहसा करता येत नाही. इथून पुण्याला नेलेला संग्रह पुन्हा इकडे आणायचा बेत असेल तर नेण्याआधी चौकशी करा. मी माझा नेत नाही. आईला फोटो पाठवते.

सहावी पायरी: सांभाळ

घासू नका. कशानेच नाही. एकदा आत्या इथे आली होती. मी कामावर गेले असताना तिने टेबलावरचं १८६३ चं टोकन पाहिलं, ‘किती कळकटलंय’ म्हणाली आणि देवाच्या तांब्यासोबत चिंच-मीठ लावून लख्ख केलं. संध्याकाळी ते नव्या पैशासारखं गुलाबी चमकत होतं. दीडशे वर्षांचा तपकिरी रंग पाच मिनिटांत गेला, किंमतही निम्म्याहून खाली आली. आत्याला मी काही बोलले नाही. ते टोकन तिच्या नावाने वेगळं ठेवलंय.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत टोकनं ठेवू नका. त्या पीव्हीसीतून काही वर्षांनी हिरवा चिकट थर सुटतो. तसा थर आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढता येतो, नेलपॉलिशचं रिमूव्हर मात्र नको. मायलर नावाच्या, पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची कडक पाकिटं घ्या. मुंबई, कोकण, गोव्यातल्या दमट हवेत डब्यात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. टोकन कडेने धरा, चेहऱ्यावर बोट नको.

पाकिटावर काय लिहायचं: फुल्ड क्रमांक, व्यास, वजन, कुठून कधी केवढ्याला घेतलं, आणि बाईबद्दलचे पुरावे सालासकट. ‘१८६२ ची डिरेक्टरी, अमुक रस्ता, विधवा’ एवढं पुरतं. ज्यांचे कागद अजून सापडलेले नाहीत त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळा डबा आहे. त्यात सध्या सतरा ‘एम.’, नऊ ‘ई.’ आणि एक ‘जे.’ आहे. तो फ्रान्सिसही तिथेच होता. आता त्याला पुरुषांच्या डब्यात हलवलंय, पाकिटावरचं पेन्सिलीचं ‘बाईचं दुकान’ मात्र तसंच राहू दिलंय.